समुद्र उजव्या हाताला

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं चार पानी नियोजन पोचलं. आठ किलोमीटरच्या फेरीला चार पानं. आपण चालायला जातोय की कुणाच्या बांधाचा तंटा सोडवायला, तेच मला कळेना.

नऊ वर्षं आपण त्या कड्यावरच्या फेरीचं नुसतं बोलतोय. कधी तुझी मोजणी आडवी आली, कधी माझा शिवणवर्ग, कधी सुनेचं बाळंतपण. आता तू निवृत्त झालास आणि माझा गुडघा तीस वर्षं पायाने मशीन हाकून हाकून कुरकुरायला लागलाय. पाच फेब्रुवारीला मी वर्ग बंद ठेवला आहे. यंदा राहिलं तर राहिलंच, मी हा विषय पुन्हा काढणार नाही.

आणि हे उलट्या फेरीचं खूळ कुठून काढलंस? सगळं जग गाडी लावतं, आधी कड्याची वाट धरतं, समुद्र बघत रमतगमत वर जातं आणि झाडीतून परत येऊन शेवटी पायऱ्या उतरतं. तू म्हणतोस, आधी त्या दोनशे बारा पायऱ्या चढायच्या. मग वर जाऊन मी समुद्र बघू की धापा टाकत बसू? सरळच जायचं, मी सांगून ठेवते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, पानं तेवढी कमी कर.

तुझी,
ठकू

९ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पानं मोजण्यापेक्षा मजकूर वाचला असतास तर बरं झालं असतं. गुडघ्याला चढ सोसतो, उतार सोसत नाही, हे तुझ्याच डॉक्टरने तुला सांगितलेलं आहे. शिवाय सरळ गेलो तर सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. वाराही समोरून असतो.

मी हवेत बोलत नाही. तुला नियोजन धाडण्याआधीच, गेल्या महिन्यात एका गुरुवारी एकटा जाऊन, सगळ्या लोकांसारखा सरळ फेरा पायाखाली घालून आलो. पावलं मोजून नकाशा केला आहे, तो सोबत जोडतो. चाळीस वर्षं मोजणी खात्यात काढली, तेव्हा या बाबतीत तरी माझं ऐकायला हरकत नसावी. फेरी उलटीच होईल.

वहिनी तुझी आठवण काढते. प्रकृतीस जप आणि हट्ट कमी कर.

तुझा,
दादा

१५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे डोकं फोडून घ्यावं असं झालंय. पहिल्या पत्रात तूच लिहिलंस की सरळ गेलं तर ऊन पाठीवर असतं, आता म्हणतोस डोळ्यांवर येतं. ते पत्र माझ्यापाशी आहे. एकदा काय ते ठरव.

पण आज भांडण वेगळं आहे. तुझा नकाशा मी वर्गातल्या एका बाईंना दाखवला. त्या दर रविवारी तिथे चालायला जातात. त्यांनी विचारलं, कठडा कुठे आहे? दीपगृह कुठे गेलं? बसायचे बाक, झाडीतली पाण्याची टाकी, यातलं काहीच कसं नाही? मी म्हटलं, आमच्या दादाच्या हातून असं व्हायचं नाही. मग चष्मा लावून नीट बघितलं.

दादा, वाटेच्या उजव्या बाजूला तू झुडपंसुद्धा काढली आहेस. डाव्या बाजूला 'समुद्र' एवढा एक शब्द आणि पुढे कोरा कागद. परतीच्या वाटेवरही तेच. एका बाहीचा सदरा शिवून द्यावा तसा तुझा नकाशा आहे. ज्या माणसाने लोकांच्या शेतातली एक विहीर, एक दगड कधी सोडला नाही, त्याला अख्खं दीपगृह दिसलं नाही?

डाव्या डोळ्याला काय झालंय? उन्हावाऱ्याच्या गोष्टी आता पुरे. मला खरं सांग. मला झोप लागत नाही.

तुझी,
ठकू

२० जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. काचबिंदू आहे. आठ महिन्यांपूर्वी कळलं, तोवर मी चष्म्याचा नंबर वाढला असं समजून बसलो होतो. डावा गेला, तो परत येत नाही. उजव्यात दिवसातून तीनदा थेंब घालतो. तो किती दिवस टिकेल याची डॉक्टर हमी देत नाहीत. वहिनीला माहीत आहे, तुला कळवू नकोस असं मीच बजावलं होतं. तिच्यावर चिडू नकोस.

त्या गुरुवारी सबंध कड्यावर समुद्र माझ्या डाव्या अंगाला होता. नुसता ऐकू येत होता. बघायचं तर दर वेळी थांबून सगळं अंग वळवावं लागे. कठडा संपतो तिथे पाऊल कडेला गेलं, तेव्हा एका परक्या गृहस्थाने दंड धरला. घरी आल्यावर मी हे कुणालाच बोललो नाही. उलटं गेलं की समुद्र उजवीकडे येतो, एवढंच माझं नियोजन होतं. बाकी तीन पानं त्यावर पांघरूण घालायला लिहिली.

तुला कळलं की तू फेरी रद्द करणार आणि मला घरी बसवणार, याची भीती वाटली. ठकू, मला तुझ्याबरोबर तो समुद्र बघायचा आहे, दिसतोय तोवर. आता तू म्हणशील तसं.

तुझा,
दादा

२४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझा राग आला, मग रडले, मग पुन्हा राग आला, तो अजून उतरलेला नाही. वहिनीला सांग, तिच्याशीही मी दोन दिवस अबोला धरणार आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी आखून दिल्यास आणि स्वतः एका डोळ्याने कड्यावर एकटा फिरलास. काय म्हणावं तुला?

फेरी रद्द नाही. उलटीच जाऊ. पायऱ्या मी चढेन. वीस पायऱ्या झाल्या की बसेन, आणि तेव्हा तू घड्याळ बघायचं नाहीस. थेंबांची बाटली माझ्या पिशवीत राहील, दुपारचा थेंब मी घालीन. परत आल्यावर त्या डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर येणार, तिथे तुझं काही चालणार नाही.

झाडीतून वर आलो की समुद्र तुझ्या उजव्या हाताला, आणि मी डाव्या. मी तुला दिसणार नाही, म्हणून सारखी बोलत राहीन. तू माझ्याकडे मान वळवू नकोस. समुद्र बघ.

बाकी लोभ समक्ष.

तुझी,
ठकू