खातं दुसरीकडे सुरू आहे

२७ ऑक्टो., सोम.
दिवाळी संपली, पसारा राहिला. नवऱ्याने, विलासने, घेतलेला खेळायचा कन्सोल टीव्हीखाली विराजमान. डिस्क घातली की खेळ सुरू, ना ड्रायव्हर ना अपडेटची कटकट, हे त्याने मला कालपासून चारदा ऐकवलं. डिस्क आज आपण खेळलो, उद्या शेजारच्यांना दिली, हेही. माझ्या कॉम्प्युटरवरच्या लायब्ररीतला एकही खेळ असा उचलून कुणाला देता येत नाही, हे खरंच आहे.

भाऊबीजेला भा. आला होता धुळ्याहून. विलासने हौसेने कंट्रोलर त्याच्या हातात दिला. मार्चमधल्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा अंगठा अजून उचलत नाही. दोन मिनिटं धरून बसला, मग सोफ्यावर ठेवला आणि चहा मागितला. कॉम्प्युटरवर मी त्याची सगळी बटणं डाव्या हाताला आणून दिलीत, माऊससुद्धा. कन्सोलला दोन धडधाकट हात लागतात हे विलासच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही, आधी.

३० ऑक्टो., गुरु.
कॉलेजच्या लायब्ररीतली ड्युटी संपवून दोनला घरी. तीन ते पाच खेळले. मेसेज नाही.

दसऱ्यापासून मेसेज नाही. खातं एक, घरं दोन, त्यामुळे भा. धुळ्याला खेळ उघडतो तेव्हा माझा बंद पडतो आणि पडद्यावर येतं: "खातं दुसरीकडे सुरू आहे." पूर्वी वैताग यायचा. झटक्यानंतर मी त्याची वाटच बघायला लागले. फोनवर भा.चं उत्तर ठरलेलं, अहिराणीत, "बरं शे." हात कसा, बरं शे. झोप लागते का, बरं शे. त्यापेक्षा तो मेसेज जास्त सांगतो. माणूस उठला, जेवला, कॉम्प्युटरसमोर बसला.

शेवटी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, रोज दुपारी बसतात की. मग मेसेज का नाही? भा.ला दे म्हटलं. तर स्वारी महिनाभर ऑफलाइन खेळतेय. त्याचं म्हणणं, माझा खेळ अर्ध्यात बंद पडतो, मला त्रास. हे त्याला कळलं कसं? मीच कधीतरी वैतागून बोलले असणार.

मी म्हटलं, ऑफलाइन काढ, रोज मला हाकलून दे, मला चालेल. हसला. जीव भांड्यात पडला.

२ नोव्हें., रवि.
भरताची वांगी गॅसवर, फोन खांद्यात. भा.चा स्वतःहून फोन, कित्येक महिन्यांनी. ऑनलाइन गेलाय आणि पडदा विचारतोय, या कॉम्प्युटरवरचं ठेवू की क्लाउडवरचं? मी म्हटलं क्लाउड दाब. म्हणाला, "नक्की?" नक्की म्हटलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग, "बरं."

भरीत फर्मास झालं.

४ नोव्हें., मंगळ.
आज उघडलं. धुळ्याकडची बाजू अजून रिकामीच.

दसऱ्यापासून आम्ही दोघं नवी रेल्वे बांधतोय. खऱ्या नकाशावर धुळ्याहून जळगावला यायला चाळीसगावला गाडी बदलावी लागते. खेळात आमची सरळ लाईन. मी जळगावहून निघाले, तो धुळ्याहून, पारोळ्याला भेटायचं. महिनाभर त्याने ऑफलाइन जे रूळ टाकले ते फक्त त्याच्या मशीनवर होते. क्लाउडवर होतं ते माझं. माझा एरंडोलचा पूल जागेवर आहे, त्याच्यापुढे माळरान.

वहिनी म्हणते, ते सगळे रूळ त्याने उजव्या हाताने टाकले होते. माऊस उजवीकडे घेऊन, रोज थोडे. वेडेवाकडे, नागमोडी. डॉक्टरने दिलेला रबरी चेंडू तो दाबत नव्हता, हे करत होता. मला दाखवायचं होतं म्हणून ऑनलाइन आला. आणि मी वांगी भाजता भाजता सांगितलं क्लाउड दाब.

फोन केला. "जाऊ दे." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

लायब्ररीत रोज लोकांना सांगते, पुस्तक परत करताना आत काही राहिलंय का बघून घ्या. मी स्वतः बघितलं नाही.

५ नोव्हें., बुध.
खेळ जिथून घेतला त्या ऑनलाइन स्टोअरच्या मदत-विभागाला लिहिलं. उत्तर अगदी सभ्य: निवडलेली प्रत कायम राहते, जुनी परत आणता येणार नाही. विलास म्हणाला कन्सोलवरही असंच विचारतात, म्हणजे यात कुणाची जात वेगळी नाही. पुढे म्हणाला, भाऊंना एक साधा खेळ घेऊन देऊ, गाड्यांच्या शर्यतीचा. मी नको तेवढं बोलले त्याला. बिचारा भांडी घासायला गेला.

७ नोव्हें., शुक्र.
वहिनीचा फोन. भा. दुपारी कॉम्प्युटरकडे जात नाही. ओट्यावर बसतो, डाव्या हाताने उजवा धरून. आणि त्याच्या दुकानातलं, मोटरची तार गुंडाळायचं वाइंडिंगचं मशीन विकत घ्यायचं म्हणून बघायला शिंदखेड्याचा एक जण येऊन गेला. भा.नेच बोलावलं होतं.

पंचवीस वर्षं विजेच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेने भरल्या त्याने. मार्चपासून शटर खाली आहे, पण मशीन जागेवर होतं तोवर मी मनात दुकान बंद धरलं नव्हतं. ते गेलं की तो पुन्हा उघडणार नाही. हे त्यालाही माहीत आहे.

रविवारी जाते.

९ नोव्हें., रवि. (सोमवारी सकाळी लिहितेय)
सकाळची बस. पारोळ्याला दहा मिनिटं थांबली, खिडकीतून उगाच रूळ शोधत होते.

भा. ओट्यावरच. मी चप्पल काढायच्या आधीच माफी मागितली. पाठ करून गेले होते, अर्धं विसरले. त्याने ऐकून घेतलं आणि आत गेला. टेबलाच्या खणातून दुकानातली वही काढली, तेलाचे डाग पडलेली. जळलेली मोटर आली की जुनं वाइंडिंग तोडायच्या आधी तो वेढे मोजतो, तारेच्या जाडीचा नंबर लिहितो आणि तारेचा एक तुकडा वहीला बांधून ठेवतो. काय होतं ते लिहिल्याशिवाय एक वेढा तोडायचा नाही. लहानपणापासून बघतेय.

वहीच्या शेवटच्या पानाला तारेने पेन ड्राइव्ह बांधलेला. खाली डाव्या हाताचं अक्षर: रेल्वे, २ तारीख, क्लाउड दाबायच्या आधी.

त्या रविवारी तो फोनवर गप्प झाला होता ना, तेव्हा कॉपी करत होता.

हसू की रडू कळेना, दोन्ही झालं. वहिनीने पाणी आणलं. मग चिडले. हे होतं तर परत का टाकलं नाहीस? सांगितलं का नाहीस?

"मनं टाकं ते तुनं बठ्ठं जाई," म्हणाला. "तुना पूल चांगला शे."

म्हणजे त्याचं टाकलं तर माझं सगळं जाईल, माझा पूल राहावा, म्हणून हा माणूस ओट्यावर बसून होता. आणि मला वाटत होतं रुसलाय.

फाईलचं नाव बदललं तर दोन्ही राहतात, हे त्याला माहीत नव्हतं. पाच मिनिटांचं काम. आता यादीत दोन रेल्वे आहेत, एक "भाऊ", एक "मी". त्याचे रूळ पहिल्यांदाच बघितले. खरंच नागमोडी. फागण्याजवळ तर गाडी शेतात शिरून परत येते. मी म्हटलं तुझी चालू ठेवू, मी पूल पुन्हा बांधते. तो म्हणाला तुझी ठेवू. अर्धा तास तेच. वहिनी म्हणाली, जेवा आधी.

मशीनचं विचारलं. "बघू."

१३ नोव्हें., गुरु.
चार वाजून दहा. एरंडोलच्या पलीकडे रूळ टाकत होते, भाऊच्या फाईलमध्ये. पडदा काळा. "खातं दुसरीकडे सुरू आहे."

किती बरं वाटलं. उठून चहा टाकला, विलासलाही दिला. तो म्हणाला, हाकलल्यावर एवढी खूश होणारी तूच. कन्सोलवर असं होत नाही म्हणून सांगायला लागला होता, मग थांबला.

साडेपाचला उघडून बघितलं. मी त्याच्या फाईलमध्ये, तो माझ्या. धुळ्यातून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय. चार तुकडे, चारही वाकडे. वाकडे म्हणजे उजवा हात. देवाजवळ साखर ठेवली.

१५ नोव्हें., शनि.
मेसेज ३.४०. पुढे सात तुकडे. वाकडे. छान.

विलासने आपणहून विचारलं, कन्सोलचे काही कंट्रोलर एका हाताचे मिळतात म्हणे, बघू का? बघ म्हटलं. त्या दिवशीच्या बोलण्याची माफीही मागून टाकली.

१८ नोव्हें., मंगळ.
मेसेज ३.१५.

वहिनी म्हणते, शिंदखेड्याच्या माणसाचा फोन आला होता. भा. त्याला म्हणाला, पुढच्या महिन्यात बोलू. नाही म्हणाला नाही.

संध्याकाळी फाईल उघडली. आज एकच तुकडा आहे, फागण्यापासून पुढे, लांबलचक. मोठा करून बघितला, दोनदा. कुठे वळण नाही. पट्टी लावून ओढल्यासारखा सरळ.

उजव्याने टाकला की कंटाळून डाव्याने? फोन हातात घेतला होता. विचारलं तर "बरं शे" म्हणेल. ठेवून दिला.

उद्या तीनला बसते. हाकलायची वाट बघत.