गुरुवारचं साबणाचं पाणी

नाब्लुस, १२ ऑक्टोबर २००२

प्रिय नसूहमामा, स. सलाम वि. वि.

तर मी काय सांगत होते, गाडी घसरली त्यात बाबांची काहीच चूक नाही. फोन मध्येच कट झाला, आणि अर्धंच ऐकून तू आईला म्हणालास की भाऊजींनीच कळ काढली असणार. आता पूर्ण ऐक.

गुरुवारी साबणाची कढई उतरली. त्यानंतर कारखान्याची फरशी गरम पाण्याने धुवायची आणि ते पाणी गल्लीत सोडायचं, हे पणजोबांपासून चालू आहे. त्यातच शेजारणी आपापल्या पायऱ्या घासून घेतात. संचारबंदी उठली, बाबांनी मोरी उघडली, आणि नेमकी तेव्हाच सैनिकांची चिलखती गाडी उतारावरून आली. बारा टनांचं धूड, मामा. फेसावर आलं आणि सावकाश, लाजत लाजत सरकत जाऊन भिंतीला आडवं अडकलं. सगळ्या खिडक्या हसल्या. मी पण.

बाबा मात्र हसले नाहीत. चाकाखाली राख टाकली की पकड मिळते म्हणाले आणि भट्टीतली राख घमेल्यात भरून मदतीला धावले. त्यांनाच उचललं.

आता कागद पुढे केलाय. पाणी मुद्दाम सोडलं असं लिहून द्या, कारखाना बंद करा, घरी जा. नाहीतर सहा महिने आत. बाबा सही करत नाहीयेत.

मामीला सलाम. रागावलेय, तरी तुझीच,
लुजैन

अम्मान, १९ ऑक्टोबर

लुजैन बेटा, अनेक आशीर्वाद.

राखेचं वाचून आधी हसलो, मग पुढचं वाचलं. तू बापावर गेलीस, आधी भांडण, मग जेवण. पण भाऊजींना साखरेचा त्रास आहे, आत इन्सुलिन कोण देणार? त्यांना सांग, सही करा. साबण इथेही बनवता येईल. मान खाली घातली म्हणून कोणी मरत नाही.

आईला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा नसूहमामा

नाब्लुस, २७ ऑक्टोबर

मामा, सलाम.

अम्मानच्या साबणाने तू स्वतः तरी अंघोळ करतोस का? दर ईदला आईकडून वीस वड्या मागवतोस तू, आणि आम्हाला शिकवतोस?

गाडी आता रोज आमच्या दारात उभी असते. परवा वळताना पायरी फोडली. त्याचा कागद नाही, सही नाही, काही नाही. पायरीनेच मुद्दाम केलं असेल.

आम्ही लावलेले वकील तुरुंगात बाबांना भेटून आले. साखर तीनशेच्या वर गेलीय. मी घाबरले, म्हटलं, जाऊ दे कारखाना, करा सही. तेव्हा वकिलांनी कागदाची प्रत दाखवली. खाली एक ओळ रिकामी आहे. सोबत कोण कोण होतं, त्यांची नावं. ती भरल्याशिवाय सही चालत नाही. बाबा त्यांना म्हणाले, घर माझं आहे, गल्ली माझी एकट्याची नाही.

वकील दोन आठवड्यांनी परत जाणार आहेत, माझा निरोप घेऊन. लोभ असू दे, पण या वेळी सल्ला नीट विचार करून दे. तुझ्या बहिणीच्या शेजारणींना तू लहानपणापासून ओळखतोस. त्या ओळीत कुणाचं नाव लिहायला सांगू, मामा?

लुजैन