दर्शनाची पन्नाशी आणि मन्सूरचं जाळं

रत्नागिरी,
वैशाखातला एक रविवार (नक्की तारीख सांगता येत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर सानवीने सजावटीच्या झिरमिळ्यांसाठी कापलं आहे)

ती. मैनाअक्का यांस,

दीपकचा साष्टांग नमस्कार. कमरेने दगा दिल्यामुळे तो सध्या उभ्यानेच पोचता करतो आहे, मनातून मी पूर्ण आडवा आहे असं समजावं. तुमचा नवा गुडघा कसा आहे? साडूभाऊंची साखर किती? खेडला उकाडा आमच्याइतकाच असेल, पण तुमच्याकडे निदान लपायला जागा आहे.

पत्रास कारण की, या घरातल्या एका करदात्या नागरिकाचा कपडे वाळत घालण्याचा हक्क गेले बावीस दिवस हिरावून घेण्यात आला आहे. परसातली वाळवणाची दोरी, जी मी स्वतः माडापासून न्हाणीच्या कोपऱ्यापर्यंत ताणली होती आणि जिच्यावर एकोणीस वर्षं माझे बनियन बिनतक्रार वाळले, ती 'फोटोत येते' या आरोपावरून उतरवण्यात आली. आरोपीला बाजू मांडू दिली नाही. तेव्हापासून माझे बनियन जेवणाच्या खुर्च्यांच्या पाठींवर वाळतात. परवा विम्याचा माणूस आला, तो मी पुढे केलेली खुर्ची बघून म्हणाला, बसलेलंच आहे की कोणीतरी. सत्तावीस वर्षं कचेरीत लोकांच्या तक्रारी मी फायलीला लावल्या. आज माझी तक्रार लावून घ्यायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. (फोनवर सांगता येत नाही, दर्शना बाजूलाच असते. आणि सानवीने तुम्हाला जे चाळीस फोटो पाठवले त्यांत केक आणि तिची मैत्रीण सोडून काही दिसत नाही, हे मी पाहिलं आहे.)

तर सुरुवातीपासून सांगतो. तुमच्या धाकट्या बहिणीला पन्नास पुरी होणार, हे मला ठाऊक होतं. मी साडी घेणार होतो. पण पुण्याहून सानवी आली आणि आईला विचारती झाली की तुला काय हवं. दर्शनाने सांगितलं, मला काही नको, फक्त एक संध्याकाळ बसायचंय. या घरात आल्यापासून मी एकही कार्य बसून पाहिलेलं नाही, बारसं असो की गणपती, मी आपली चुलीपाशी. एकदा कोणीतरी माझ्या हातात ताट आणून द्या. एवढंच म्हणाली आणि वाटण वाटायला आत गेली. अक्का, तुम्ही तिला ओळखता. ती मागत नाही, आणि मागते तेव्हा मागितल्यासारखं बोलत नाही. मी सानवीच्या देखत शब्द दिला की त्या दिवशी तुझी आई खुर्चीवरून उठणार नाही, ती जबाबदारी माझी. हे वाक्य लक्षात ठेवावं. मीही ठेवायला हवं होतं.

सानवीने लगेच जाहीर केलं की गार्डन पार्टी करायची. मी विचारलं, गार्डन कुठे आहे? तिने मागचं दार उघडून दाखवलं. तुम्हाला आमचं परसू माहीत आहे. एक माड, एक रायवळ आंबा, सांडपाण्यावरचं अळू, नारळाच्या सोडणांचा ढीग, पाणी तापवायची चूल, धुण्याचा दगड, आणि पडायला आलेला दगडी गडगा ज्यावर शेजारच्यांची मांजरं दुपारची झोपतात. सानवीने या सगळ्याकडे हात करून सांगितलं की याला 'कोस्टल थीम' देता येईल. मोबाईलवर चित्र दाखवलं. कुठल्यातरी गोऱ्या लोकांच्या हिरवळीवर पांढरी टेबलं, वर मासेमारीचं जाळं छतासारखं ताणलेलं आणि त्यातून दिवे लोंबताहेत. म्हणजे समुद्रापासून दोन कोसांवर राहणारे आम्ही, समुद्र बघायला आलेल्या लोकांसारखं दिसावं, अशी योजना. (दिव्यांच्या माळा तुमच्या गणपतीच्या. त्या तुम्ही विश्वासाने पाठवल्यात, त्याबद्दल पुढे लिहितो.)

पहिल्या दिवशी बाबल्या आला. आमचे नारळ पाडतो तो. माडावर चढून दोर बांधायचे होते, पण जागेवाल्या देवाला नारळ दिल्याशिवाय तो जमिनीत खुंटी मारीना. बरं, नारळ दिला. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, आणि त्यात देवाला घरची सगळी हकीकत सांगितली. ह्या घरच्या बाईला पन्नास पुरी झाली, तिला एक दिस बसायला गावूं दे, घरधन्याच्या हातून काय चुकलंमाकलं तर पदरात घे, असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी अजून काही केलंही नव्हतं. तरी मी व सानवी हात जोडून होय महाराजा म्हणालो, कारण मजुरी रोजाची ठरली होती.

जाळ्यासाठी मी मिरकरवाड्याला मन्सूरकडे गेलो. मन्सूर माझा शाळेतला बाकावरचा सोबती, त्याची छोटी होडी आहे, तो आणि त्याची रझिया दोघं मिळून जाळी विणतात, दुरुस्त करतात. त्याने पडवीतलं एक जुनं जाळं काढून दिलं, म्हणाला ने, पावसापर्यंत लागत नाही. मी ते रिक्षातून आणलं. रिक्षावाल्याने अर्ध्या वाटेत भाडं वाढवून मागितलं आणि मी दिलं, कारण मलाही तो वास सोसत नव्हता. घरी जाळं पसरताच गडग्यावर नेहमीच्या दोन मांजरांच्या जागी सात मांजरं आली आणि लिलावाला बसावीत तशी ओळीने बसली. सानवीने नाक धरून निकाल दिला, धुवायचं. मी धुण्याच्या दगडावर बसून दोन पुडे पावडर आणि कपडे मऊ करायची एक आख्खी बाटली त्या जाळ्यावर खर्ची घातली. (कंबर त्याच दिवशी गेली.) त्यातून जो वास निघाला त्याला मराठीत शब्द नाही. बांगड्याने अत्तर लावून साखरपुड्याला जावं, तसा काहीतरी. मांजरं हलली नाहीत. उलट एक वाढलं.

शुक्रवारी दुपारी मी जाळं परत घेऊन गेलो, म्हटलं दुसरं मागावं. मन्सूर नमाजला गेलेला, रझियाही घरात नव्हती, पडवी उघडी. तिथे कोपऱ्यात एक जाळं घडी करून ठेवलेलं. स्वच्छ, बिनवासाचं, पांढरीशुभ्र बुचं ओवलेली, अगदी सानवीच्या चित्रातलं. आता मी महसूल खात्यातला माणूस, माझ्या लेखी जाळं म्हणजे जाळं. जुनं तिथे ठेवलं, हे उचललं. फोन करून सांगू म्हटलं आणि मग वाटेत बर्फी घ्यायची होती, ते राहिलं. नवं जाळं वास मारत नाही कारण ते अजून पाण्यात उतरलेलंच नसतं, ही गोष्ट रत्नागिरीत जन्मून त्रेपन्नाव्या वर्षी मला कळायची होती.

शनिवारी ते ताणलं. मध्ये माड आला. कापल्याशिवाय जाळं माडाच्या दोन्ही बाजूंनी नीट बसेना. बाबल्याने वरून विचारलं, भाऊ, जाळं कोणाचं? मी म्हटलं, आपलंच समज. तो म्हणाला, मग तूच काप, मी नाय कापणार. आणि अक्का, मी कोयती घेऊन शिडीवर चढलो आणि काठापासून आत कापत माडाभोवती बसेल एवढं भोक पाडलं. दिसायला सुरेख झालं. सानवीने टाळ्या वाजवल्या.

रविवारी साठ माणसं बोलावली होती, नव्वद आली. आमच्या वाडीत एका घराला बोलावून दुसऱ्याला वगळता येत नाही, हे सानवीच्या पुण्याच्या यादीत नव्हतं. पण जेवण आचाऱ्याचं होतं, पुरलं. आणि दर्शना बसली. आंब्याखालच्या मोठ्या खुर्चीत, मोतिया साडीत, हात मांडीवर ठेवून. सुरुवातीला दोनदा उठू पाहिलं, मी दोन्ही वेळा खांद्यावर हात ठेवून बसवलं. मग ती खरंच बसली. पाय पुढे केले. वरचे दिवे बघत राहिली. मी स्वतः ताट वाढून नेऊन तिच्या हातात दिलं. पस्तीस मिनिटं, अक्का. मी घड्याळ बघत होतो, म्हणून सांगतो.

छत्तिसाव्या मिनिटाला मन्सूर आणि रझिया आले. मन्सूर नेमका दर्शनाच्या बाजूच्या खुर्चीत बसला आणि मला जवळ बसवून चोरीची हकीकत सांगू लागला. त्याचं नवं जाळं पडवीतून गेलं. उद्या पहाटे पहिल्यांदा पाण्यात घालायचं होतं. मी म्हटलं, काय दिवस आलेत. तो म्हणाला, पण चोर वेगळाच रे, नवं नेलं आणि जुनं धुऊन ठेवून गेला. मी म्हटलं, कमाल आहे. तो म्हणाला, नुसतं धुऊन नाही, वास घेतलास तर फुलांचा येतो, चांगल्या घरातला चोर दिसतो. हे सगळं तो शांतपणे सरबत पीत सांगत होता आणि एकदाही वर बघत नव्हता. मी एवढा गाढव की पोलिसात कळवलंस का, असंही विचारून झालं. (त्याला शुक्रवारी संध्याकाळीच कळलं होतं. जुनं जाळं कोणाकडे होतं हे तो विसरला नव्हता. मी आपण होऊन बोलावं म्हणून तो दोन दिवस थांबला होता.)

दर्शनाने मात्र वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ताट खाली ठेवलं आणि उठली.

"मन्सूरभाई, होडी किती वाजता काढता?"

"पाचला, वहिनी."

"मग केक नंतर. सगळ्यांनी हात लावा, जाळं उतरवायचंय."

तिच्या आवाजाने तुमच्या गावची माणसंही उठली असती. पाहुण्यांनी हातातल्या बशा टेबलावर ठेवल्या. बाबल्या माडावर चढला. नव्वद माणसं चारी बाजूंनी जाळं धरून सावकाश खाली घेत होती आणि त्यात तुमच्या माळा, सानवीचे कागदी शिंपले आणि पलीकडच्या गुरवांच्या काकू असं सगळं अडकलेलं. काकूंना आधी सोडवलं. मग जमिनीवर गोल करून बसून प्रत्येकजण आपापल्या समोरच्या दिव्याची वायर जाळ्याच्या एकेका डोळ्यातून काढू लागला. जाळं मोकळं होत गेलं तसं ते भोक उघड्यावर आलं. कापल्याचं मन्सूरला ठाऊक नव्हतं. त्याने ते दोन्ही हातांनी उघडून धरलं. रझिया त्याच्या कडेवरून बोट फिरवत गेली, मोजल्यासारखी, आणि म्हणाली, चार वीत. तिने ते दोन महिने विणलं होतं.

"कापलंस?" मन्सूरने विचारलं.

मी हो म्हटलं.

केक कापला, पण फोटोत सगळे दमलेले आहेत. दर्शना जमिनीवर रझियाच्या शेजारी बसून वायर सोडवत होती ती शेवटपर्यंत. तिचं ताट आंब्याखाली तसंच. मी दिलेला शब्द पस्तीस मिनिटं टिकला.

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन मिरकरवाड्याला गेलो. मन्सूर समुद्रावर होता, ते धुतलेलं जुनं जाळं घेऊन. (मासे कमी मिळाले. बोटीवरच्या पोरांनी त्या वासाला काय नाव ठेवलं ते तुम्हाला लिहिता येत नाही.) रझिया म्हणाली, पैसे खिशात ठेवा. संध्याकाळी येत जा, जाळं विणायची सुई देते. तेव्हापासून रोज कचेरी सुटली की जातो.

असो. गार्डन पार्टी नावाचा प्रकार आमच्या घरात पुन्हा होणार नाही. साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
दीपक

ता. क. तुमच्या माळा आठवड्यात परत पाठवतो म्हणालो होतो. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. त्या गणपतीपर्यंत इथेच राहू देता येतील का? नंतर बाबल्याने त्या नुसत्याच आंब्याला गुंडाळल्या. दर्शना आता रोज दिवेलागणीला ती मोठी खुर्ची तिथे नेते आणि अर्धा तास बसते. चहा मी नेतो. कोणी बोलावलं तर ओ देत नाही. मांजरं असतात.

ता. क. २. गार्डन पार्टी पुन्हा होणार नाही असं वर लिहिलं आहे, ते सानवीला कळवू नये. ती दिवाळीचं ठरवते आहे आणि मी नाही म्हणालेलो नाही.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून आजचं लिहितो. चार वितींचं भोक आज बुजलं. रझियाने दाखवायला मारलेल्या गाठी सरळ आहेत, माझ्या कुठल्या त्या लांबूनही कळतात. मन्सूरने जाळं उजेडाकडे धरून माझ्या गाठींपाशी जोराने ओढून पाहिलं. धरलं. मग घडी करून होडीत टाकलं. मी सुई रझियाच्या डब्यात ठेवली आणि घरी आलो.