जेवणाच्या टेबलावरचं इंजिन

पोरी,

तुझी आई गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी तिची स्कूटर जिन्याखाली बंद पडून होती. दोन महिने ती सांगत होती, गॅरेजला टाका. मी म्हणायचो, घरीच खोलतो, त्यात काय एवढं. म्हणून ती भर उन्हात कामावर चालत निघाली आणि वाटेत कोसळली.

काल तू म्हणालीस, "बाबा, हे वरातीमागून घोडं. भंगारात द्या आता." दुपारी तू बोलावलेला भंगारवाला येईल, त्याला परत पाठव. टेबलावरचं काही हलवू नकोस. जसे काढले त्याच क्रमाने इंजिनचे भाग मांडलेत. भाग धुवायला घेतलेल्या तिच्या चांगल्या ताटल्यांना रॉकेलचा वास लागलाय, ती असती तर मला घराबाहेर काढलं असतं.

मी पिस्टन उलटा बसवला होता. त्यावरचा बाण सायलेन्सरकडे हवा. गॅरेजमध्ये विचारायला गेलो तर मेकॅनिक म्हणाला, "काका, बाण बघायला शाळा लागत नाही." सिलिंडर परत काढताना त्याखालचं गॅस्केट फाटलं, नवं आणायला चाललोय.

जेवण झाकून ठेवलंय. स्वयंपाकघरातच बसून खा.

पिस्टन अजून उलटाच आहे.

बाबा