मेंढरं जिथं बसत नव्हती

आप्पा, तुम्हाला अक्षरओळख नव्हती. म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं असतं तरी कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातलं अक्षरही तिसऱ्याच्या कानावर जावं अशी माझी इच्छा नाही. तुमची लेक जन्मभर मुलांच्या वह्या तपासून निवृत्त झाली. निरोप समारंभाला शाल-श्रीफळ मिळेल म्हणून मी मोठी पिशवी घेऊन गेले होते, तर शाळेनं कॅमेरा दिला. आता तो गळ्यात अडकवून मी कॉलनीभर हिंडते. बाईंचं डोकं फिरलं, असं दोघीतिघी म्हणतात ते मला ऐकू येतं. लोक फोटो काढायला कुठं कुठं जातात, आणि मी काढते पाण्याच्या दिवशी दारात मांडलेल्या कळशा, गच्चीवरच्या टाक्या, पायरीवर बसून मटार सोलणारी बाई, तारांमागचं उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ. विजापूर रोडला शहर संपता संपता आमची कॉलनी आहे. तिच्यापुढं रिकामे प्लॉट, आणि त्यांच्यापुढं मंद्रूपच्या बाजूला पसरलेलं रान. तुम्ही म्हणाला असता, ह्यात काय बगायचं? मलाही धड सांगता आलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात समोरच्या भाड्याच्या खोलीतलं जोडपं आलं. नवरा वळसंगचा, शेती भावावर सोपवून इथं गॅरेजात लागलेला. बायको अक्कलकोटकडची, बोलताना कानडी हेल काढणारी, तिला पाचवा महिना चालू होता. कोपऱ्यावरचा पूर्वेकडं तोंड असलेला प्लॉट त्यांनी पसंत केला होता, व्यवहार पक्का व्हायचा होता. “बाई, आमच्या जागंचा एक झ्याक फोटू काढा की,” ती म्हणाली, “गावाकडं सासूबाईला दावायचाय.” त्या प्लॉटचे फोटो माझ्याकडं आधीचेच कितीतरी होते. त्यातला एखादा चांगला निघेल म्हणून मी सगळे फरशीवर मांडले. आणि मग दिसलं. बसस्टॉपकडून येणारी पायवाट सरळ येते, प्लॉटच्या मधोमध उगाचच वळसा घेते आणि परत सरळ होते. तिथं दगड नाही, खड्डा नाही, काटा नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी सगळा प्लॉट तुडवलाय, तेवढी जागा सोडून. शेळ्या तिच्या कडेकडेनं चरतात. एका फोटोत कुत्रं सुसाट आलंय आणि नेमकं तिथं वळलंय. निरनिराळ्या महिन्यांतले फोटो, निरनिराळी माणसं, आणि एकाचाही पाय आत नाही. एका फोटोच्या कोपऱ्यात ओढ्याचं वळण होतं. आता त्यातून गटाराचं पाणी वाहतं, पण वळण तेच. ते ओळखलं आणि मी उठून घराचं दार लावून घेतलं. दुपारचे दोन वाजले होते.

मी आठ-नऊ वर्षांची आहे. खतासाठी तुम्ही याच ओढ्याच्या वळणावर एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली आहेत. सकाळी कळप उठतो, सगळं रान लेंड्यांनी काळं झालेलं, आणि मधोमध दोन घोंगड्या पसरता येतील एवढी जागा झाडून काढल्यासारखी स्वच्छ. मला गंमत वाटते. मी पळत जाऊन तिथं उभी राहते. तुम्ही लांबून येता आणि एक शब्द न बोलता कानाखाली देता. जन्मात तेवढं एकदाच मारलंत. “हितं पाय ठिवायचा न्हाय. परत दिसलीस तर तंगडं मोडीन.” मी विचारते, का? “न्हाय म्हंजे न्हाय!” आई भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. त्याच दिवशी भर दुपारी मी बाभळीआड रुसून बसले होते. तुम्ही आलात, इकडंतिकडं पाहिलंत आणि त्याच जागेत जाऊन बसलात. पाय पसरलेत, मागं रेललात. मागं काही नव्हतं, आप्पा. झाड नाही, बांध नाही. ओसरीच्या खांबाला टेकावं तसे तुम्ही टेकला होतात, आणि तुमचा चेहरा इतका सुखात मी आपल्या घरात कधी पाहिला नव्हता. मला मारून स्वतः तिथं बसता, याचा फार राग आला. विचारायची मात्र छाती झाली नाही. पुढं मी वसतिगृहात असताना तुम्ही गेलात. आई सांगायची, “दुपारचं बसल्या जागी गेलं गं, लई शांत दिसत हुतं.” कुठल्या जागी, हे मी तिला विचारलं नाही. आता तीही नाही.

फोटो मांडले त्याच्या दुसऱ्या दिवशी भर बाराला मी प्लॉटवर गेले. भुताखेतांवर विश्वास ठेवू नका असं दरवर्षी नव्या वर्गाला बजावणारी मी, पदराखाली कॅमेरा झाकून निघाले. सोलापुरात त्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला आणि आत जाऊन बसले. बाहेर अंगाची लाही होत होती, आत गार होतं. मग पाठीला पाठ लागली. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. कुणीतरी आधीपासून पाठमोरं बसलेलं होतं आणि त्यानं माझा भार घेतला. मेंढरं त्या जागेला भ्यायची, की तिथं आधीच कुणी बसलेलं असायचं म्हणून बसत नसायची, कोण जाणे. गुडघ्यांचं दुखणं, पुण्याच्या मुलाचा न येणारा फोन, रिकामं घर, सगळं उतरून गेलं. पाच मिनिटं बसले असेन असं वाटलं. घराच्या पायऱ्या चढले तेव्हा साडेचार वाजले होते आणि शेजारीण विचारत होती, “बाई, एवढ्या उनात कुटं गेला हुता?” फोटोत मी मागं रेललेली आहे, इतकी की कुठल्याही माणसाचा तोल जावा. माझ्या मागं कोरडी जमीन आहे आणि तिच्यामागं ओढा. तो फोटो मी पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही गेले.

आठवड्याभरात त्यांचा व्यवहार होणार होता. मी दोघांना घरी बोलावलं आणि सगळे फोटो त्यांच्यापुढं मांडले, माझा त्यात नव्हताच. नवरा आधी हसला. मग कुत्र्याच्या फोटोपाशी त्याचं हसू गेलं. तिनं पोटावर हात ठेवला. “बाई, खरं सांगा की. काय हाय तितं?” मी म्हटलं, “मला माहीत नाही. माझे वडील तिथं मेंढरं बसवायचे. त्या जागेत एकही मेंढरू बसत नसे.” एवढंच बोलले, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी कुठं घ्यायची, उगवतं ऊन ओट्यावर कसं येईल, हे तिनं केव्हाच ठरवून ठेवलं होतं. माझ्याच खुर्चीत बसून ती रडली. मग त्यांनी मागच्या ओळीतला प्लॉट घेतला, अंधारा, गटाराच्या अंगाचा. कोपऱ्यावरच्या जागेची गोष्ट कॉलनीभर झाली आणि आता तिच्यासाठी गिऱ्हाईक येत नाही.

संक्रांतीला ती शेंगापोळ्या घेऊन आली, कडेवर बाळ. वाकून पाया पडली. “तुमच्यामुळं वाचलो, बाई. पोराच्या नावानं तितं एक नारळ फोडून येऊ का?” “नको,” मी म्हटलं, “तिकडं फिरकूसुद्धा नका!” माझा आवाज इतका चढला की बाळ दचकून रडायला लागलं. तिला वाटलं, बाईंचा किती जीव आहे आपल्यावर. पोळ्यांचा डबा ठेवून, पुन्हा एकदा पाया पडून ती गेली. आप्पा, त्यांना वाचवावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी तिथं घर बांधलं असतं तर दुपारची मी कुठं बसले असते?