सुमनच्या पलंगावरची उशी

सिडनी, मंगळवार, संध्याकाळ

आज हाउसिंगची बाई घर बघून गेली. तेव्हापासून जिवाला चैन नाही. सरकारी घरात नवरा-बायकोला एकच बेडरूम, हा त्यांचा नियम. माझ्या श्वासाच्या मशीनचा रात्रभर आवाज, म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर आम्हाला दुसरी मिळाली.

आणि सुमनने काय करावं? म्हातारपणी वेगळे झोपतो हे परक्या बाईला दिसायला नको, म्हणून माझी उशी नेऊन आपल्या पलंगावर ठेवली! मशीनवर टॉवेलही टाकला.

बाईने त्या दोन उशा पाहिल्या, हसली, काहीतरी लिहिलं. हसली का? जाताना ‘नो वरीज’ म्हणाली. काळजीचं काही नव्हतं, तर म्हणाली कशाला?

“अहो, चहा प्यायली, चांगली होती बिचारी.”

“चहा पिता पिता उशा मोजत होती ती!”

एकत्रच झोपतात म्हणून ही दुसरी खोली काढून घेतली, तर या मशीनपाशी सुमनला झोप कशी लागणार? तिचं बीपी आधीच वाढलेलं.

उशी परत आणायला गेलो, तर म्हणते, “राहू द्या, पुन्हा आली तर?” अगं, त्यासाठीच तर!

आणलीच. आता माझ्या खोलीच्या खिडकीचा पडदा उघडा ठेवून बसलोय. मोजा म्हणावं, इथे उशी एकच आहे.