पाटीवरचं नाव

साखरबाई,

काल तुझी पाटी हातातनं निसटली म्हणालो, ते खोटं हाय. मीच फोडली. साक्षरतेच्या वर्गात जाऊन तू पाटीभर गुरुजींचं नाव काढलंस आन् माझं कुठंच न्हाई, हे बघून डोकं फिरलं. बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई, हे पाटी फुटल्यावर आठवलं. चुकलं माझं.

सांजच्याला दौंडच्या बाजारातनं नवी पाटी आणतो. ही चिठ्ठी तूच वाच. अडलं तरी गुरुजींकडं नेऊ नको.

राग गेला असंल तर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं माझं नाव लिहून ठेव. तोंडानं घ्यायचं नसतं, लिहायला कुणाची आडकाठी न्हाई. खाली ठळक लिहिलंय, बघून काढ. गुरुजींच्यापेक्षा मोठं काढ.

हौसराव